पर्समधला टीव्ही

मैत्रिणींनो, प्रवासाच्या पिशवीत काय काय असावं यावर मी मागे एकदा लिहिलं होतं. खाकरे, मेतकूट, पाण्याचं गाळणं, सुतळी, सुई-दोरा, दाराला आतून लावायला छोटं कुलूप. त्या यादीत आता एका वस्तूची भर पडली आहे. ती पाहून आमच्या थोरल्या वन्सं हसल्या. म्हणाल्या, "हॉटेलात टीव्ही असतो की गं! तू आपला घेऊन कशाला हिंडतेस?"

टीव्ही नाही हो, काडी. दुकानात तिला स्टिक म्हणतात, आमच्या घरात काडी. अंगठ्यापेक्षा जरा मोठी, काळी. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची चपटी खाच असते त्यात ती बसते. एका वायरने तिला वीज द्यायची, आणि बरोबर तिचा स्वतःचा रिमोट. मग टीव्ही फक्त पडद्यापुरता. डोकं सगळं काडीत. आपली खाती, आपली आवडनिवड, काल अर्धवट सोडलेला कार्यक्रम, सगळं तिच्याबरोबर येतं. अ‍ॅमेझॉनची ही काडी भारतात २०१७ साली आली, आमच्याकडे मात्र लॉकडाउनमध्ये. त्याआधीपासून गूगलचं क्रोमकास्ट होतं, त्यात फोनवरून टीव्हीला हुकूम द्यायचा. ते बनवणं गूगलने २०२४ मध्ये थांबवलं, पण पुष्कळ घरांत अजून आहे.

आता हे सगळं मला कशाने माहीत झालं ते सांगते. ह्यांना विचारून सांगते आहे.

गेल्या डिसेंबरात ह्यांच्या प्रोस्टेटच्या उपचारासाठी आम्ही चार आठवडे पुण्यात राहिलो. रेडिएशनच्या वीस सिटिंग, सोमवार ते शुक्रवार रोज एक. मशिनखाली जेमतेम पंधरा मिनिटं. त्याआधी पाणी पिऊन, लघवी रोखून बसायचं, तेच जास्त अवघड. पुण्यात नातेवाईक आहेत, आग्रहही झाला, पण दर तासाला बाथरूमला जाणाऱ्या माणसाला स्वतःची खोली बरी वाटते. म्हणून हॉस्पिटलजवळचं एक हॉटेल महिन्याच्या बोलीवर घेतलं. तिथे राहणारे बहुतेक सगळे आमच्यासारखेच, हातात फाइल घेऊन सकाळी निघणारे.

अकरापर्यंत आम्ही परत यायचो. दुपार झोपेत जायची. कठीण असायची ती संध्याकाळ. आमचं जेवण सूर्यास्ताच्या आत, आणि डिसेंबरात पुण्यात सहाला सूर्य मावळतो. साडेपाचला डबे धुऊन पालथे घातले की झोपेपर्यंत साडेचार तास. घरी त्या वेळेला मंदिर असतं, कट्ट्यावरची माणसं असतात, निदान अंगणातली झाडं तरी असतात. इथे दहा बाय बाराची खोली, दोन खुर्च्या आणि समोर टीव्ही. बत्तीस वर्षं बँकेत माणसांशी बोलण्यात गेलेला हा माणूस पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा वाक्यं बोलत नव्हता. टीव्ही लावला तर हॉटेलच्या सेट टॉप बॉक्सवर बातम्यांचा आरडाओरडा नाहीतर जाहिराती. हे आवाज बंद करून बघत बसायचे. म्हणजे बघत नसायचेच.

टीव्ही स्मार्ट होता. म्हटलं, यूट्यूब लावून देते, जुनं नाटक बघतील. यूट्यूब उघडलं तर त्यात आधीच कुणाचं तरी खातं चालू! कोपऱ्यात गोलात एक इंग्रजी अक्षर आणि खाली त्यांचे व्हिडिओ. आपलं नाटक शोधावं म्हणून शोधायच्या जागी गेले, तर तिथे आधीच्या पाहुण्यांनी शोधलेलं ओळीने उभं होतं. केमोनंतर केस कधी येतात. घशाला सूज असताना काय खायला द्यावं. मग एक लहान मुलांचं कार्टून. पुन्हा घशाचंच काही. आणि मधेच एक जुनं भावगीत.

मैत्रिणींनो, मी त्या माणसांना कधी पाहिलं नाही. पण त्या खोलीत कोण राहून गेलं ते मला पाच ओळींत कळलं. घरात आजारी कोण, लहान मूल आहे, रात्री मन रमवायला कुणाला कोणतं गाणं लागतं. कुणाच्या घराचं दार उघडं राहावं आणि आपण चुकून आत डोकावावं, तसं झालं. मी आधी त्यांचं खातं त्या टीव्हीवरून बंद केलं. ते करायला सेटिंगमध्ये जायची गरज नाही, त्या गोलावर जाऊन 'साइन आउट' दाबलं की झालं. मग तिथे आमचा पासवर्ड घालायला माझा हात होईना. आम्ही गेल्यावर पुढचा पाहुणा आमच्या पाच ओळी वाचत बसणार.

तुमच्यापैकी कुणी हॉटेलच्या टीव्हीत स्वतःचं खातं चालू ठेवून आलं असेल तर घाबरू नका, घरी बसून बंद करता येतं. यूट्यूबसाठी गूगल खात्यात 'सुरक्षा' या भागात आपलं खातं कुठल्या कुठल्या यंत्रावर चालू आहे त्याची यादी दिसते, तिथून अनोळखी टीव्ही काढून टाकायचा. नेटफ्लिक्सच्या खात्यातही अशी यादी असते. मोठ्या हॉटेलांत हल्ली टीव्हीवर एक क्यूआर कोड येतो, तो फोनने वाचला की आपला फोन त्या टीव्हीला जोडला जातो आणि खोली सोडली की जोडणी पुसली जाते. ती सोय चांगली. पण आपण उतरतो त्या हॉटेलांत ती फारशी दिसत नाही.

शनिवारी पुतण्या घरून डबे घेऊन येणार होता. त्याला फोन करून सांगितलं, दिवाणखान्यातल्या टीव्हीमागची काडी, तिची वायर, वीज देणारा चौकोनी ठोकळा आणि रिमोट, चारही वस्तू मोजून आण. त्याने आणल्या. तिथून पुढे जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर तीन जणींनी विचारलं आहे.

पहिली अडचण टीव्हीची. भिंतीला इतका चिकटून बसवलेला की मागे बोटही जाईना. काडीबरोबर खोक्यात वीतभराहून लहान एक जोडवायर मिळते, ती बहुतेक जण फेकून देतात. फेकू नका. एवढ्याशा फटीतून तीच आत जाते आणि काडी बाहेर लोंबते. टॉर्च हवीच. दुसरी अडचण विजेची. टीव्हीच्या मागे यूएसबीची खाच असते, पुतण्याने वायर त्यात घातली. पण तिथून मिळणारी वीज कमी पडते, काडी मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होते. तिचा स्वतःचा ठोकळा भिंतीतल्या प्लगला लावायचा. मात्र खोलीचं कार्ड खाचेतून काढलं की तो प्लगही बंद, हे लक्षात ठेवा.

तिसरी अडचण मजेशीर. हॉटेलच्या रिमोटवर 'सोर्स'चं बटणच नव्हतं. पाहुण्यांनी टीव्हीत ढवळाढवळ करू नये म्हणून मुद्दाम तसे रिमोट देतात, आणि काही टीव्हींत तर कंपनीनेच हॉटेलसाठी वेगळी कुलूपबंद व्यवस्था केलेली असते. आधी काडीच्या रिमोटवरचं घराचं चित्र दाबून बघा, पुष्कळदा टीव्ही आपोआप काडीकडे वळतो. आमचा वळला नाही. मग टीव्हीच्या खालच्या कडेला, मधोमध, हाताने चाचपल्यावर एक बटण सापडलं. ते दाबत गेलं की एचडीएमआय एक, दोन असं येतं. सापडलं, पण दाबलं तरी काही होईना. कुलूप होतं.

खाली स्वागतकक्षात गेले. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, बाहेरची वस्तू जोडायची परवानगी नाही." मी म्हटलं, "बाळा, आम्ही अजून तीन आठवडे आहोत, आणि काकांना फोनवरची अक्षरं दिसत नाहीत." त्याने मॅनेजरना बोलावलं. भले गृहस्थ होते. एकच अट घातली, जाताना सेट टॉप बॉक्स जसा होता तसा लावून द्यायचा. अट योग्यच आहे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला तर ती होती तशी ठेवून जायचं, हे काय सांगायला हवं? वायर काढण्याआधी मी मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवला. कुठली वायर कुठे होती ते चार आठवड्यांनी कुणाला आठवणार.

मग वायफाय. घरी पासवर्ड एकदा घातला की झालं. हॉटेलात आधी एक पान उघडतं, त्यात खोली नंबर आणि आडनाव घालायचं असतं. आमची काडी ते पान टीव्हीवर दाखवते. जुनं क्रोमकास्ट दाखवत नाही, म्हणून ते हॉटेलात बहुधा अडून बसतं. आता त्या बारक्या रिमोटने आडनावाचं एकेक इंग्रजी अक्षर बाणाने शोधायचं, ओके दाबायचं, पुढचं शोधायचं. चार मिनिटं लागली. आणि चोवीस तासांनी पुन्हा तेच! शिवाय एका खोलीला दोनच यंत्रं चालतात असं कळलं, ती आमच्या दोन फोनांनीच भरली होती.

शेवटी ह्यांच्या फोनचा हॉटस्पॉट लावला, आणि इथे पुतण्याने जी युक्ती केली तिला मी पैकीच्या पैकी मार्क देते. हॉटस्पॉटला त्याने आमच्या घरच्या वायफायचंच नाव दिलं आणि पासवर्डही तोच. काडीला वाटलं आपण घरीच आहोत. काही विचारलं नाही, मुकाट्याने जोडली गेली.

हॉटस्पॉट म्हणजे डेटा, आणि डेटा म्हणजे हिशेब. बी.कॉम. झाले तेव्हा ही पदवी कुठे कामाला येईल वाटलं नव्हतं. ह्यांच्या फोनला दिवसाला दोन जीबी. नेटफ्लिक्सच सांगतं की साध्या चित्राला तासाला एक जीबीपर्यंत लागतो, एचडीला तीनपर्यंत, आणि सगळ्यात भारी चित्राला सातपर्यंत. म्हणजे एचडीवर ठेवलं तर चाळीस मिनिटांत दिवसाचा कोटा संपला. काडीच्या सेटिंगमध्ये डेटावर लक्ष ठेवायची सोय आहे, तिथे चित्राचा दर्जा सगळ्यात खालचा निवडला. यूट्यूबवर ४८० ठेवलं. मग दोन-अडीच तासांचं नाटक सहज बसायला लागलं. हॉटेलच्या त्या टीव्हीवर ४८० आणि त्याहून वरच्यातला फरक आमच्या चष्म्यांना दिसला नाही. रोज रात्री किती उरला ते मी औषधांच्या वहीतच मागच्या पानावर लिहीत असे.

त्या शनिवारी सगळं जुळलं तेव्हा सात वाजून गेले होते. काडी सुरू झाली, यूट्यूब उघडलं, आणि पहिल्याच ओळीत 'तो मी नव्हेच'. पुण्याला निघायच्या आदल्या रात्री हे बघत बसले होते आणि लेकीचा फोन आला म्हणून मधेच बंद केलं होतं. चित्राखाली लाल रेघ, अर्ध्याच्या थोडी पुढे गेलेली. मी ओके दाबलं. पणशीकर जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले.

हे ताठ बसले. आमचं गाव निपाणीपासून फार लांब नाही, त्यामुळे त्या नाटकातला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी आमच्याकडे घरचाच असल्यासारखा. थोड्या वेळाने म्हणाले, "आवाज वाढव जरा." आठ दिवसांत स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट. आवाज काडीच्या रिमोटने वाढेना, कारण तिला आमच्या घरच्या टीव्हीची सवय. (सेटिंगमध्ये 'इक्विपमेंट कंट्रोल' असं असतं, तिथे टीव्हीची कंपनी बदलायची.) त्या क्षणी मी उठून हॉटेलच्या रिमोटने वाढवला. पुतण्या सोफा नव्हता म्हणून पलंगाच्या कडेवर बसून काकांबरोबर बघत राहिला. साडेदहाची बस त्याने अकराची केली.

दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळला आकार आला. साडेसहाला प्रवचन, मग नाटक किंवा जुना सामना, नवाला लेकीशी बोलणं. मजल्यावरच्या एक लातूरकडच्या बाई दारातून डोकावून गेल्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांना घेऊन आल्या. खुर्च्या दोनच, म्हणून बायका पलंगावर. त्यांचीही रेडिएशनच चालली होती. आजाराबद्दल कुणी बोललं नाही, सगळे लखोबाबद्दल बोलले.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी प्रवचन लावायला मी शोधायच्या जागी गेले. सर्वांत वर एक ओळ होती, ती माझी नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी. रेडिएशननंतर हा आजार परत येतो का.

रात्री मला झोप लागल्यावर केव्हातरी उठून, टीव्हीचा आवाज बंद करून शोधलं असणार. फोनवरची अक्षरं रात्री दिसत नाहीत म्हणून टीव्हीवर. रिमोटवर बोलून शोधायचं बटण आहे, पण बोललं असतं तर मला जाग आली असती. म्हणून बाणाने एकेक अक्षर. आडनावाला चार मिनिटं लागतात, तर एवढ्या वाक्याला किती लागली असतील, ते मला कळत होतं.

हे बाथरूममध्ये होते. ती ओळ पुसता आली असती, त्या ओळीवर थोडा वेळ बटण दाबून धरलं की काढून टाकायची सोय येते. पण पुसली असती तर मी पाहिली हे ह्यांना कळलं असतं. मी प्रवचन लावलं आणि हातातलं निवडण घेऊन बसले.

गुरुवारी डॉक्टरांची भेट असते. नेहमीचं झाल्यावर मी म्हटलं, "डॉक्टर, एक माझा प्रश्न आहे. हे सगळं झाल्यावर पुन्हा उद्भवण्याची भीती किती?" हे माझ्याकडे बघू लागले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट सांगितलं. दर काही महिन्यांनी रक्ताची पीएसए तपासणी करायची. रेडिएशननंतर तो आकडा एकदम खाली येत नाही, महिनोन्‌महिने हळूहळू उतरतो. मधे एखाद्या वेळी थोडा वरही जातो आणि आपला आपण खाली येतो, म्हणून एका आकड्यावरून घाबरायचं नाही, ओळीने आकडे बघायचे. परत येऊ शकतो का, तर काही जणांत येतो, म्हणूनच तपासण्या. आणि आला तर त्यावर उपाय आहेत. हे बँकेतले. ओळीने आकडे बघायचे म्हटल्यावर मान डोलावली. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाले, "बरं झालं विचारलंस." मी म्हटलं, "मला माहीत नको का?"

खोली सोडतानाची दक्षता तेवढी सांगते. काळ्या टीव्हीमागे काळी काडी, विसरायला याहून सोयीची वस्तू नाही. आमचा भाचा हैदराबादच्या एका हॉटेलात विसरून आला, सतरा फोन केले तरी मिळाली नाही. मग त्याने अ‍ॅमेझॉनच्या खात्यात जाऊन ती काडी आपल्या नावावरून काढून टाकली, म्हणजे ज्याला सापडली त्याला त्याचं खातं वापरता येऊ नये. काडीवरून खरेदी होते, तेव्हा खरेदीला पिन लावून ठेवणं घरीसुद्धा बरं. मी वायरला जुन्या पैठणीच्या काठाची पट्टी बांधली आहे, ती टीव्हीखाली लोंबताना दिसते. आणि काडीचा रिमोट रोज रात्री दात घासायच्या ब्रशच्या पिशवीत ठेवते. ब्रश कुणी विसरत नाही.

मार्चमध्ये पहिल्या तपासणीला आम्ही दोन रात्रींसाठी गेलो. तेच हॉटेल, खोली वेगळी, टीव्ही वेगळा. आकडा डिसेंबरच्या निम्म्याहून खाली आला होता. ह्यांनी तो वहीत लिहिला, माझ्या डेटाच्या हिशेबाच्या समोरच्या पानावर. संध्याकाळी टॉर्च मी धरली, वायर ह्यांनी लावली. सोर्सचं बटण या टीव्हीला मागच्या उजव्या कडेला होतं.